अर्ध्या तासाचं काम

दहिसर स्टेशनजवळच्या एका गाळ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाई चष्मा कपाळावर चढवून ठेवायच्या आणि वाचायची वेळ आली की स्क्रीनच नाकाजवळ आणायच्या. माझा लॅपटॉप चालू होत नव्हता.

"नवीन विंडोज टाकते. अर्ध्या तासाचं काम. आतलं काही हवंय?"

"काही नाही."

"फोटो? रेकॉर्डिंग?"

तेव्हा आठवलं. गेल्या वर्षी गेलेल्या आईचा आवाज त्यातच होता, दुसरीकडे कुठेच नव्हता. ते मी बाईंना सांगितलं.

बाईंनी हळहळ वगैरे केली नाही. पेनड्राइव्ह लावून त्यावरच्या लिनक्स या दुसऱ्या सिस्टमने लॅपटॉप उघडला, फाइल शोधली आणि वाजवून बघितली. आई मालवणीत ओरडत होती, "बंद कर मेल्या ता मशीन! आदी जेवक ये!"

बाईंनी ती फाइल शेवटपर्यंत ऐकली.

"सिस्टम काय हो, कुठलीही परत टाकता येते," त्या म्हणाल्या. "हे तेवढं कुठून आणणार होतात?"

मग फाइल दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि विंडोज टाकायला घेतलं.

घरी येऊन मी पाच कॉप्या काढल्या. आई आता पाच ठिकाणी ओरडते.