गाडी दारात लाव

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. वाडा तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो. तिथल्या शिक्षकांनी शाळा सुटल्यावर थांबून विज्ञान शिकवलं म्हणून डॉक्टर झालो. ते उपकार मी विसरलेलो नाही. आई म्हणायची, डॉक्टर दारात आला की घराला धीर येतो. तिने मोजकेच डॉक्टर पाहिले होते, तेही दुसऱ्यांच्या दारात.

माझा दवाखाना अंबाडीला आहे. काही वर्षांपूर्वी, आता बरे होणार नाहीत अशा रुग्णांच्या वेदना कमी कशा करायच्या याचं एक छोटं प्रशिक्षण मी घेतलं. तेव्हापासून दुपारी दवाखाना बंद करून मोटरसायकलवर अशा रुग्णांच्या घरी जातो. भिवंडीत आम्हा डॉक्टरांची अधूनमधून बैठक होते, तिथे मी याबद्दल उत्साहाने बोललो. एक ज्येष्ठ सर्जन, ज्यांचा मी आजही आदर करतो, म्हणाले, "आम्ही हात टेकले की पाठवू तुझ्याकडे." एका फिजिशियन बाईंना सगळं पटत होतं, पण वेदनेवरच्या मॉर्फिनच्या गोळ्या लिहायला त्यांचा हात धजत नव्हता; उद्या काही झालं तर नातेवाईक गोळीलाच दोष देतील, असं त्या म्हणाल्या. नारपोलीत दवाखाना असलेला माझ्याच वयाचा एक जण हसत म्हणाला, "म्हणजे तू स्मशानाच्या अलीकडचा स्टॉप." सगळे हसले, मीही हसलो. त्यांना नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. कॉलेजात आम्हा सगळ्यांना बरं करायला शिकवलं होतं. बरं होत नसेल तर पुढे काय करायचं, हे कुणी शिकवलंच नव्हतं.

गावांना माझं काम कुणी न सांगता समजलं. माझी मोटरसायकल ज्या दारात वरचेवर दिसते त्या घरातलं माणूस वाचत नाही, हे लोकांच्या लक्षात आलं. शेलार गावाच्या बाजूला एकदा फोन घ्यायला म्हणून एका घरासमोर थांबलो, तर आतून बाई पदर सावरत आली आणि म्हणाली, "आमच्याकडं कोन आजारी न्हाय." पुढे रुग्णांच्या घरचेच सांगू लागले, गाडी जरा लांब लावा. मग मी ती देवळापाशी, पिठाच्या गिरणीपाशी लावून चालत जाऊ लागलो. रस्त्यात ओळखीचे लोक मान हलवत, पण बोलायला कुणी थांबत नसे.

त्याच भागातल्या एका म्हाताऱ्या बाईंना गर्भाशयाचा कॅन्सर होता. मुंबईच्या रुग्णालयाने घरी पाठवलं होतं. गोळ्या तिथून येत, किती द्यायच्या ते मी बघायचो. मुलगा गोदामावर सुपरवायझर होता. आईला त्याने पोटात गॅस झालाय असं सांगितलं होतं. भेटायला येणारा कुणीतरी खरं बोलून जाईल, या भीतीने तो सगळ्यांना ओटीवरूनच परत पाठवायचा. मलाही घरचे मागच्या दाराने आत घ्यायचे. गोळ्यांनी दुखणं आवाक्यात आलं होतं, झोप लागत होती. तरी जेव्हा जावं तेव्हा बाई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असत. विचारलं तर "बरं हाय" म्हणत.

एका दुपारी मुलगा कामावर होता आणि सून चहा ठेवायला गेली होती. बाई माझ्याकडे वळल्या.

"डाक्टर, तुजी गाडी कुठं हाय?"

"गिरणीपाशी."

"बिघडली का?"

"नाही."

"मग दारात लाव."

त्या पुढे म्हणाल्या, "तुजी गाडी दारात लागली म्हंजी काय, मला म्हाईत हाय. शेजारनीचा नवरा गेला, तवा गाडी बगून सगल्यांच्या आदी मीच गेलती बगायला. हितं कवाधरनं कोन येत न्हाय. मी काय मेलीय का?"

"मुलाला विचारू का?"

"त्याला काय इचारतो? त्यो मला गॅसच्या गोल्या देतो."

मी थांबलो. मुलगा आल्यावर त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो आधी माझ्यावरच चिडला.

"साहेब, तुम्ही बोललात ना तिला?"

"मी काही बोललो नाही. त्यांना आधीपासून माहीत आहे."

तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. "लोक आले की ती रडेल," म्हणाला.

सून आतूनच म्हणाली, "आता काय हसतात का त्या?"

मग त्याने माझ्यापुढे हात केला. "चावी द्या." तो एकटाच गिरणीपर्यंत चालत गेला, आणि माझी मोटरसायकल घेऊन पुढच्या रस्त्याने आला. गावात सगळ्यांना दिसेल अशी, अगदी हळू चालवत. ती त्याने ओटीला लागून उभी केली.

पहिली आली ती शेजारीण. खाटेजवळ उभी राहून म्हणाली, "काय गो, गॅस लईच वाडला तुजा?"

"बस. तुजीच वाट बगत व्हती, चोंबडे," बाई म्हणाल्या.

दोघी हसल्या, मग दोघीही रडल्या. तोवर आणखी बायका आल्या, कुणाची तरी नात आली, एक म्हातारा काठी टेकत आला. बसायला जागा हवी म्हणून मी खुर्ची सोडली. रात्रीची गोळी किती वाजता द्यायची ते सुनेला सांगितलं. पुढच्या आठवड्यात डोस वाढवावाच लागला. माणसं आली म्हणून दुखणं काही कमी झालं नाही. पण भिंतीकडे वळलेल्या त्या मला पुन्हा दिसल्या नाहीत.

त्या दिवशी चावी मुलाच्या मुठीतच राहिली होती. तो खाटेच्या पायथ्याशी खाली मान घालून बसला होता, आणि आई कुणाला तरी त्याच्या लहानपणाचं काहीतरी सांगत होती. चावी मागून त्याला तिथून उठवावंसं मला वाटलं नाही. मी बाहेर जाऊन गाडीपाशी थांबलो. आत जाणाऱ्या बायका चपला लांबच काढत होत्या आणि गाडीला वळसा घालून, माझ्याकडे न बघता आत जात होत्या.