चितेजवळचा पाणिग्रहणमंत्र

श्रीगजाननास आणि गोदामाईस वंदन करून, गंगापूर ते औरंगाबाद या एका दिवसाच्या प्रवासाची हकिगत वाचकांसाठी लिहितो. निमित्त देवदर्शनाचे नव्हते; युद्धावरील एका जुन्या, गाजलेल्या चित्रपटाचे होते. राग अद्याप उतरलेला नाही, हे आधीच सांगतो.

माझे शेजारी रंगनाथराव यांचा मुलगा सीमेवर कामी आला. अंत्यसंस्कार पलटणीने तिकडेच केले. घरी केवळ पत्र आले. "पिक्चरात तसलं समदं दावलंय म्हणत्यात. गुरुजी, तुमी संगं चला. मंतर मला कळत नाय," असे ते म्हणाले, तेव्हा नकार देववेना.

सकाळच्या एस.टी.ने निघालो. दोन्ही अंगांना ऊस आणि फुटलेला कापूस. औरंगाबादेत औरंगपुऱ्यात पोहोचल्यावर रंगनाथरावांनी धपाट्यांची (ज्वारीच्या पिठाची तिखट थालीपीठे) पुरचुंडी सोडली. मी केळ्यांवर भागवले आणि आम्ही थिएटरात गेलो.

नायकाच्या बंदुकीतील गोळ्या द्रौपदीच्या थाळीतील अन्नासारख्या संपता संपेनात. छातीत तीन गोळ्या लागलेला सुभेदार आई, बहीण, गाव आणि बैल यांचा क्रमाने निरोप घेत होता. एवढा दम धडधाकट कीर्तनकारालाही नसतो! शत्रू तोवर बंदूक खाली धरून उभा. इतका सभ्य श्रोता मला एकाही प्रवचनात लाभलेला नाही.

मग सुभेदाराची चिता रचली गेली. पुरोहिताने तोंड उघडले आणि मी ताडकन उभा राहिलो. तो पाणिग्रहणाचा मंत्र म्हणत होता! वर वधूचा हात हाती घेतो, तेव्हाचा!

"थांबवा!" मी ओरडलो.

दारावरच्या माणसाने बॅटरी माझ्या तोंडावर मारली. "अब क्या रोकते, चचा? वो तो मर गया! बैठो, पीछेवालों को दिखता नईं."

बसलो. शंभर तोफा जमवणाऱ्यांना विचारायला एक भटजी मिळू नये? त्यात उच्चार शुद्ध. म्हणजे अज्ञानाची सबबही उरली नाही. सारे थिएटर मात्र रडत होते. रंगनाथरावांनीही दस्ती (हातरुमाल) डोळ्यांना लावली होती.

बसस्थानकापर्यंत मी त्या निर्मात्याचा शास्त्राधारे उद्धार करीत चाललो. परतीची गाडी सुटल्यावर रंगनाथरावांनी हळूच विचारले, "गुरुजी, माझ्या पोराला बी त्योच मंतर म्हणला आसंल का?"

खोटे बोलवेना. "नाही हो. पलटणीचे पंडित जाणते असतात. हा मंत्र लग्नातला होता."

"लग्नातला?"

"होय."

त्यांनी दस्तीची घडी करून खिशात ठेवली.

"मग त्याला बी म्हणला आसंल, तर बरंच झालं, गुरुजी. त्याचं लगीन राह्यलं व्हतं."

माझ्यापाशी यावर शास्त्राधार नव्हता.

वाचकहो, आपल्या घरी जे मंगलकार्य व्हायचे असेल, ते यथाकाल पार पडो. दूर गेलेली लेकरे सुखरूप उंबरठा ओलांडून आत येवोत. आणि आपणा सर्वांच्या कुटुंबावर नारायणाची कृपादृष्टी राहो.