ताटात पडलं ते तिचं

कुठलीही वस्तू घ्यायची झाली की सुचिता आधी ऑनलाइन एक तारा देणाऱ्या गिऱ्हाइकांची मतं वाचायची. पाच तारे देणारे बोहल्यावरून बोलत असतात, ती म्हणायची, एक तारेवाल्यांनी संसार करून बघितलेला असतो. घणसोली गावठाणात काशीताईंच्या चार मजली घरात जेवढी भाडेकरू बिऱ्हाडं होती, त्यांतलं कुणी तिला विचारल्याशिवाय साधी इस्त्रीसुद्धा घेत नसे. ती आधी विचारायची, "बिघडली तर इथं दुरुस्त कोण करणार?" त्याचं उत्तर नसेल तर वस्तू कितीही चकचकीत असो, तिच्या लेखी ती फुकटसुद्धा महाग.

यंत्रांचं वेड तिला माहेरपासूनचं. नवीन वस्तूचा खोका उघडला की इतर बायका आधी वस्तू उचलतात, ही आतलं माहितीपत्रक उचलायची आणि देव्हाऱ्यासमोर बसून पोथी वाचावी तसं पहिल्या पानापासून वाचायची. पण अशी वेडी असूनही तिच्या स्वतःच्या नावावर, फक्त तिच्यासाठी म्हणून आलेली एकही वस्तू घरात नव्हती.

म्हणजे जोतीरामच्या हिशोबी होत्या. जोतीराम तिचा नवरा, वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी. माणूस सरळ, निर्व्यसनी. दर दिवाळीच्या पाडव्याला सुचिता त्याला ओवाळायची आणि तो ताटात काहीतरी घालायचा. एकदा मिक्सर, मग कुकर, मग इंडक्शनची शेगडी. गेल्या साली घरघंटी, म्हणजे घरातली पिठाची चक्की. ती ताटात मावेना म्हणून तिचा हमीपत्राचा कागद घातला. प्रत्येक वेळी म्हणायचा, "घे, तुला." आणि त्या "तुला"तून पुढं वर्षभर त्याला भाकरी मिळायची.

या वर्षी मात्र सुचितानं आपली दिवाळीची यादी उघड करून ठेवली होती. खरेदीच्या ॲपमध्ये वस्तूजवळ एक बदाम असतो, तो दाबला की वस्तू यादीत जाऊन बसते. तिच्या यादीत तीन बदाम होते. तुळशीची माती ओली आहे की कोरडी हे दाखवणारा काटा, कारण सासूबाई तुळशीला पाणी घालून घालून मारत होत्या. गावठाणातल्या हळदींचा डीजे गिळून टाकणारे हेडफोन, प्रवचन ऐकण्यासाठी. आणि सगळ्यात वर, दुर्बीण.

दुर्बिणीची गोष्ट गेल्या कोजागिरीची. शेजारच्या सोसायटीत एका गृहस्थानं गच्चीवर दुर्बीण लावली होती, चंद्र बघायला या म्हणून सगळ्यांना बोलावलं होतं. सुचिता रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली तशी मागून कुणीतरी म्हणालं, "काकू, आधी मुलांना बघू द्या ना." ती बाजूला झाली. मग आणखी मुलं आली, मग मुलांच्या आया आल्या. तिची पाळी पुन्हा आली तेव्हा चंद्र टॉवरच्या आड गेला होता आणि गृहस्थ दुर्बीण पुसत होता.

लग्न झाल्यापासून तिची एकही संकष्टी चुकली नव्हती. कॅलेंडरवर चंद्रोदयाची जी वेळ छापतात ती गावठाणाला लागू नाही. समोरच्या टॉवरच्या पाण्याच्या टाकीवरून चंद्र डोकं काढीपर्यंत उपाशी पोटी ताटकळावं लागतं. ज्याच्यासाठी इतकी वर्षं ताटकळलो, त्याचं तोंड एकदा जवळून बघावं, एवढंच तिचं म्हणणं. हा हव्यास तर नव्हे ना, असं तिनं गणपतीपुढं बसून स्वतःला नीट विचारलं. लाज वाटली नाही. मग तिनं बदाम दाबला.

जोतीरामनं यादी बघितली आणि हसला. "दुर्बीण? तू काय सीमेवर जाणार हायस?"

पाडव्याच्या दोन दिवस आधी तळमजल्यावरून काशीताईंनी हाक मारली. काशीताई मूळच्या घणसोलीच्या, घरमालकीण, आणि इमारतीत येणारा प्रत्येक खोका पहिल्यांदा त्यांच्या नजरेखालून जायचा.

"सुचिते, तुज्या नवऱ्याचा खोका आयलाय गो. हवेत भजी तलनारा मशीन हाय."

एअर फ्रायर. सुचितानं खोका हातात घेऊन फिरवला, परत ठेवला. "त्यांनाच द्या, ताई. मला दाखवला म्हणून सांगू नका."

"तुला नको काय?"

"मला काय पाहिजे ते मला ठाऊक आहे."

पाडव्याला तिनं पाटाभोवती रांगोळी काढली, जोतीरामला बसवलं, कुंकू लावलं, सुपारी आणि अंगठी उतरवली, निरांजन ओवाळलं. कशात कसर ठेवली नाही. सासूबाई राहीबाई खुर्चीवर बसून बघत होत्या. जोतीरामनं खोका पुढं सरकवला आणि त्याचं बिल ताटात ठेवलं.

"घे, तुला."

सुचितानं ताट खाली ठेवलं नाही. "कुणाला?"

"तुलाच की. ओवाळणी हाय."

"तेल कमी करायला डॉक्टरांनी कुणाला सांगितलंय?"

"आता सणासुदीला डॉक्टर कशाला? तुला घेतलंय म्हटलं ना."

"आत्या," सुचिता सासूकडं वळली, "ओवाळणीत पडलेली वस्तू कुणाची?"

"बाईची," राहीबाई म्हणाल्या. "त्येला मागनं कुनी हात लावायचा न्हाय. ह्येच्या बापानं मला एका पाडव्याला शेळी घातली हुती. काळी, कानं तेवढी पांढरी. जत्रंला पाव्हणं आलं आन कापली. मला इचारलंबी न्हाय. तवापासनं मी मटान खात न्हाय. लोकास्नी वाटतंया माळ घातलीया म्हून."

"आता ही शेळी कुठनं आली मधेच?" जोतीराम वैतागला. त्याला भूक लागली होती.

"मग हा खोका माझा," सुचिता म्हणाली. "गेल्या सालची घरघंटीपण माझी."

"तुझी. मिक्सर तुझा, कुकर तुझा. सगळं तुझंच हाय बाई. ताट ठेव आणि फराळ वाढ."

"आत्या, ऐकलंत ना?"

"ऐकलं की. मी काय बहिरी हाय?"

भाऊबीजेच्या सकाळी जोतीराम चहा पीत होता, तेव्हा काशीताई दारात उभ्या राहिल्या. मुद्दाम त्याच्यासमोरच घ्यायला या, असं सुचितानं सांगून ठेवलं होतं. पाठीमागं विकलं, हा बोल तिला नको होता.

"खोका मी सूनबायला नेतंय," काशीताई म्हणाल्या. "पन ही चक्की उचलाला मानूस पायजे गो. आमच्या तांदलाच्या भाकरींना बरी हाय."

"माणूस आहे की घरात," सुचिता म्हणाली.

जोतीरामनं कप खाली ठेवला. "चक्की विकलीस?"

"माझी होती."

"आगं पण रोजची वापरातली वस्तू! खोक्यावर भागलं नसतं?"

"भागलं असतं. हलत्या स्टँडची दुर्बीण आली असती. हात लावला की चंद्र थरथरतो म्हणून दहा जणांनी लिहिलंय. मला थरथरणारा नकोय."

"आणि पीठ?"

"नाक्यावर गिरणी आहे."

"डबा कोण नेणार?"

सुचितानं त्याच्या खांद्यांकडं बघितलं. आख्ख्या बाजारात गोणी उचलण्यात त्या खांद्यांचं नाव होतं. काशीताईंना हसू आवरेना, त्यांनी पदर तोंडाला लावला.

"लोक काय म्हणतील?" जोतीरामनं शेवटचं अस्त्र काढलं. "बायकोनं ओवाळणी विकली म्हणतील."

"म्हणू देत. ओवाळणीत शेगडी घालणाऱ्या नवऱ्याला कधी कुणी काही म्हटलं नाही, तर मलापण थोडं म्हणून होऊ दे."

तो आईकडं वळला. राहीबाई वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "उचल. मागं शेळी गेली, आता चक्की ऱ्हातीया व्हय?"

त्यानं चक्की उचलली. चिडला होता, पण जिन्याच्या भिंतीला कुठं घासू दिली नाही. खाली ठेवताना काशीताईंना सांगितलं, चाळणी सैल बसते, जपून लावा.

दुर्बीण आली ती संकष्टीच्या आदल्या दिवशी. सुचितानं माहितीपत्रक पहिल्यापासून वाचलं, खोक्याला कुंकू लावलं आणि गच्चीवर जाऊन स्टँड हलवून बघितलं. जागचं हललं नाही.

संकष्टीला मोदक झाकून ती गच्चीवर गेली. राहीबाई मागोमाग जिना चढल्या. "चंद्राला नळीतनं बघायचं? पाप लागंल गं."

"पाप भाद्रपदातल्या चतुर्थीला, आत्या. संकष्टीला बघायलाच सांगितलंय. किती जवळून बघायचं ते कुठं लिहिलेलं नाही."

राहीबाईंना हे पटलं, किंवा गुडघे दुखत होते. त्या पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसल्या.

टॉवरच्या मागून चंद्र वर आला. सुचितानं आधी अर्घ्य दिलं, फूल वाहिलं, नैवेद्य दाखवला. मग पदर खोचला आणि डोळा लावला. कितीतरी वेळ ती हललीच नाही. तोंडावर देवीचे व्रण असलेल्या माणसासारखा होता तो, खड्ड्याखड्ड्यांचा, कडेला उजेडानं खरवडलेला. तिला वाटलं होतं गुळगुळीत असेल. असा होता म्हणून जास्तच आवडला.

जिन्यात पावलं वाजली. जोतीराम पिठाचा डबा खांद्यावर घेऊन थेट गच्चीवरच आला होता. केसांवर, भुवयांवर पीठ.

"दिसतोय का?" त्यानं विचारलं.

"डबा खाली ठेवा आधी. धक्का लागेल."

त्यानं डबा ठेवला, हात पँटला पुसले, वाकला. मग म्हणाला, "उलटा दिसतोय गं हा. डाग खाली पाहिजेत ते वर आलेत. फसवलं वाटतं तुला."

"एक तारेवाल्यांनी लिहिलं होतं ते. असल्या दुर्बिणीत उलटाच दिसतो."

"मग घेतलीस कशाला?"

"उलटा चालतोय मला म्हणून घेतली. सरका."

"बघू दे की अजून जरा."

"रांगेत या."

तो मागं झाला. कट्ट्यावरून राहीबाईंनी विचारलं, "आगं, चंद्र झाला न्हवं? उपास सोडायचा का न्हाय आज? मोदक गार हुत्यात."

"होऊ देत," सुचिता म्हणाली, आणि पुन्हा डोळा लावला.