मल्लूचं शेवाळ

सकाळी कॉलेजच्या फाटकात मल्लिकार्जुन मला म्हणाला, "संध्याकाळी घरी ये. बहुतेक धरलंय." दुपारी तो स्टाफरूममधल्या खुर्चीतच गेला. हृदय बंद पडलं. शिपायानं वर्गात येऊन माझ्या कानात सांगितलं, तेव्हा मी फळ्यावरचं अर्धं वाक्य आधी पूर्ण केलं... महिना उलटला, तरी ते का पूर्ण केलं हे मला उमगलेलं नाही.

आम्ही दोघं सोलापुरात एकाच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो. मी झाडंझुडपं, तो गोड्या पाण्यातलं हिरवं शेवाळ. मूळचा अक्कलकोटकडचा, घरात कानडी. काही दिसलं की "इरी, इरी, थांब की जरा," म्हणत पँट गुडघ्यापर्यंत दुमडून डबक्यात उतरायचा. मोडनिंबजवळच्या एका तळ्यातलं शेवाळ आजवर कुणी नोंदवलेलं नाही, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. पण असले हिरवे धागे सगळे सारखेच दिसतात. खरी ओळख पटते ती बीजाणूंवरून, आणि ते धरतात पाणी आटत आलं की. दरवेळी हा पोचेपर्यंत तळं कोरडं पडलेलं असायचं. म्हणून यंदा त्यानं ते शेवाळ तळ्याच्या पाण्यासकट बरणीत घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं, आणि पाणी हळूहळू आटू दिलं. "बाळंतिणीसारखं जपतोयस," मी चिडवायचो. नवं निघालं तर नाव द्यायचा मान त्याचा होता. दुसरं काही त्यानं आयुष्यात मागितल्याचं मला आठवत नाही.

माती देऊन झाल्यावर दोन दिवसांनी मी मल्लूच्या घरी गेलो. बरणी घासूनपुसून पालथी घातलेली होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "माणूस गेल्यावर घरातलं पाणी ठेवत न्हाईत. हंडा, माठ, बरणी, समदं मीच मागच्या दारी रितं केलं. वहिनींना कुटं सुचतंय."

"आमच्यात सुतक पाळत न्हाईत, काकू," वहिनी हळूच म्हणाल्या. त्या लिंगायत. काकूंचा चेहरा उतरला. मला संताप आला होता, पण या बाईनं दोन दिवस वहिनींना घास भरवला होता. कुणावर रागवायचं?

मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाशी हिरवट पापुद्रा वाळलेला दिसला. ब्लेडनं खरवडून कागदात घेतला आणि तडक कॉलेज गाठलं. त्याच्या खोलीत त्याच्याच सूक्ष्मदर्शकाखाली थेंबभर पाण्यात भिजवून पाहिला. धागे तुटलेले होते, पण आत बीजाणू होते. गोल, तपकिरी, अंगावर बारीक जाळी असलेले. धरलं होतं... मल्लूचं बरोबर होतं.

ती जाळी मी कुठल्याच चित्रात पाहिलेली नाही. पण मी पडलो झाडांचा माणूस. हे नवं आहे की नाही, मला सांगता येत नाही. त्या खोलीत आमची रीत ठरलेली होती, एकानं बघायचं आणि दुसऱ्यानं खांद्याशी उभं राहून वाट पाहायची. मी डोळा उचलला आणि स्टुलावरून उठून बाजूला झालो, त्याला बसता यावं म्हणून.