रिकाम्या पोटी वजन

डुकरांचं वजन रिकाम्या पोटी घ्यायचं, हे लेकीने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरीही पाच महिने मी ते भरल्या पोटी घेतलं. विसरून नाही, ठरवून.

आमचा डुकरांचा फार्म माणगावपासून आत आहे. लेक पशुवैद्यकीचं शिक्षण संपवून दोन वर्षं घरी होती. त्याआधी मी खाद्य नजरेच्या अंदाजाने बदलायचे. पिल्लू गुडघ्याला लागलं की वाढीचं खाद्य, पाठ गोल दिसली की शेवटचं. वाढीच्या खाद्यात मका, सोयाबीनची पेंड आणि आगरदांड्याकडून येणारी सुक्या मासळीची कुटी असते. शेवटच्या खाद्यातून कुटी काढून टाकायची, नाहीतर मटणाला वास राहतो.

"आई, तू ब्लाउजसुद्धा अंदाजानेच शिवून घेतेस का?" लेकीने विचारलं.

त्या रविवारपासून वजनं सुरू झाली. सकाळी सातला, खाद्य टाकायच्या आधी, एकेक डुक्कर पिंजऱ्याच्या काट्यावर घ्यायचं. मी कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि वजन पुकारायचे. ती तेच परत म्हणायची आणि मगच लिहायची.

"सतरा, बेचाळीस."

"सतरा, बेचाळीस."

परत म्हटल्याशिवाय लिहायचं नाही, हा तिचा नियम. शेडमध्ये इतका गलका असतो की तो नियम बरोबरच होता. दोन वर्षं आमच्यात बोलणं फार झालं असं नाही. पण हे झालं.

त्या आकड्यांवरून तिने आमच्या डुकरांच्या वाढीची रेघ कॉम्प्युटरवर काढली. सुरुवातीला रेघ हळू चढते, मग सरळ वर जाते, मग वाकते. डुक्कर रेघेवर कुठे आहे ते कळलं की पुढच्या आठवड्यात ते किती वाढणार आणि त्याला काय, किती घालायचं, ते कळतं. मी म्हटलं, अशा रेघा पुस्तकात तयार मिळत असतील. ती म्हणाली, "पुस्तकातली डुकरं माणगावच्या उकाड्यात राहत नाहीत." मग तिला ह्याच कामाची नोकरी डेन्मार्कमध्ये लागली. मी तिची बॅग भरली, मसाल्याचे डबे चिकटपट्टीने बंद केले आणि तिला विमानतळावर सोडून संध्याकाळच्या खाद्याला परत आले.

आमचे सात वाजतात तेव्हा तिकडे मध्यरात्र उलटलेली असते. म्हणून मी वजनं दुपारी बारावर नेली. सुतळीने फोन खांबाला बांधायचा, त्यात ती नुकती उठलेली, हातात कॉफी. मी पुकारायचे, ती परत म्हणायची आणि तिथल्या तिथे आकडा भरायची. संध्याकाळपर्यंत आठवड्याच्या खाद्याचा तक्ता माझ्या फोनवर. भरल्या पोटाने एवढं काय बिघडतं, असं धरून काम चोख चाललंय असं मला वाटत होतं. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस मी रविवारच्या ओढीनेच ढकलत होते, हे मात्र कुणाला सांगितलं नाही.

मग मुंबईचा व्यापारी म्हणाला, "ताई, माल दिसायला कडक आहे, पण पाठीवर चरबी सुटलीय. गिऱ्हाईक मला शिव्या घालतं. अजून एक खेप अशी आली तर मी दुसरा फार्म बघतो, राग मानू नका."

मी तक्ता काढून बसले. गेल्या दोन खेपांना शेवटचं खाद्य आठवडाभर लवकर सुरू झालं होतं; ते लवकर दिलं की मांसाऐवजी चरबी चढते. रेघ सांगत होती, डुकरं पुढे गेलीत. कामाला येणारी बाई, जी दर रविवारी डुकरं काट्याकडे हाकते, ती पाण्याचा पाइप गुंडाळत होती. म्हणाली, "वयनी, सकालचं खाऊन, वर पानी पिऊन काट्यावर जातात. तवा माजं बी वजन वारंल."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुमी इचारलंव न्हाय. आनि फोनवर पोर हाय म्हनून तुमी खुशीत."

डुकराच्या पोटात तीन-चार किलो सहज मावतं. तेवढ्याने ते रेघेवर आठवडाभर मोठं दिसतं.

रविवारी लेकीला सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. "मला वाटलं तू त्यांना बारापर्यंत उपाशी ठेवतेस!"

"बारापर्यंत? शेड मोडतील."

"मग सातला वजनं घे आणि आकडे पाठव. मी उठले की भरते. त्यासाठी मी काट्यापाशी कशाला लागते, आई?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मी खांबावरची सुतळी सोडायला लागले. तेव्हा तीच म्हणाली, "की मी अलार्म लावून उठू?"

"काही गरज नाही. झोप तू."

आता मी सातलाच वजनं घेते. बाई डुकरं हाकते, मी पुकारते आणि फोनवर आवाज भरून पाठवते. व्यापारी टिकला. लेक दुपारी फोन करते, पण पाच मिनिटं. तिलाही तिची कामं आहेत.

परवा म्हणाली, "आई, आकडे छान ऐकू येतात. पण प्रत्येक आकड्यानंतर तू इतकी का थांबतेस? वीस मिनिटांचं काम चाळीस मिनिटांचं होतं."

मी म्हटलं, "डुक्कर हलतं. काटा स्थिर व्हायला वेळ लागतो."

"वजन पुकारून झाल्यावर?"

मी तिला विचारलं, तिकडे थंडी किती आहे.