जपूनरावांची रांग

हॉस्पिटलात त्याला सगळे जपूनराव म्हणत. वायरीचा वीतभर तुकडाही त्याच्याच्यानं फेकवत नसे. "याच्या कपाटात शाळेतल्या पेन्सिलींची टोकंसुद्धा सापडतील," असं त्याची ताई सगळ्यांना सांगायची. आई गेल्यावर तिनंच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. आता ऑपरेशननंतर ती मागच्या इमारतीत होती. तिच्या हृदयाचे आकडे पुढच्या इमारतीतल्या नर्सच्या पडद्यावर उमटत.

दोन इमारतींमधली नेटवर्कची लाइन जुनी, बारीक. डेटा तिच्यातून तुकड्यातुकड्यांनी जायचा. गर्दी झाली की तुकडे राउटरमध्ये रांगेत थांबायचे, आणि रांग भरली की राउटर उरलेले टाकून द्यायचा. मागच्या इमारतीतले एक्स-रेवाले, चित्रं अडकतात म्हणून रोज बोंब मारायचे. नेटवर्क जपूनरावाकडे, त्यामुळे ते त्याच्या जिवाला लागायचं. शेवटी त्यानं रांगच शंभरपट लांब करून टाकली.

साहेबांनी बजावलं, "अरे, थोडं टाकू दे. टाकलं की पाठवणारं मशीन हात आखडता घेतं. आणि हृदयाच्या आकड्यांना वेगळी रांग दे, सगळ्यांच्या पुढे."

"करतो की, साहेब."

पण तक्रारी बंद झाल्या, वरून शाबासकी आली. गडी सुस्तावला, दुसरं काय!

त्या दुपारी एक्स-रेवाल्यांनी महिन्याभराची चित्रं एकदम सोडली. ताईकडे निघालेला जपूनराव वाटेत नर्सच्या पडद्यापाशी थबकला. ठोके अठ्ठ्याहत्तर. त्याला हायसं वाटलं.

"झोपल्या असतील, काका," नर्स म्हणाली.

"मग कशाला उठवू?" तो तिथंच चहा घेऊन बसला.

चहा अर्धा झाला तेव्हा पडद्यावरचा आकडा घसरला आणि घंटा वाजली. नर्स धावली, मागोमाग तोही. ताईच्या खाटेजवळचं यंत्र कधीपासून एकटंच ओरडत होतं. डॉक्टरांनी खूप वेळ तिची छाती दाबली. मग घड्याळाकडे पाहून ते म्हणाले, "तीन मिनिटं आधी कळायला हवं होतं."

संध्याकाळी त्यानं राउटरची नोंद उघडली. टाकलेले तुकडे: शून्य. ताईचे आकडे एक्स-रेच्या चित्रांमागे तीन मिनिटं ताटकळले होते. चहाचा पहिला घोट घेताना जे ठोके त्यानं डोळे भरून पाहिले, ते खरं तर तेव्हा थांबलेले होते. पण पोचले मात्र सगळे. ताईचा एकही ठोका त्यानं वाया जाऊ दिला नव्हता.