धुरीचा गुण

देवरीच्या बसस्टँडमागे शामकलाचं पार्लर आहे. लग्नसराईत त्या एवढ्याशा खोलीचं दार दिवसभर लावलेलं असतं, कारण आत केराटिन चालू असतं. राठ, कुरळे केस सरळ करायचं औषध ते. केसांना लावायचं, सुकवायचं आणि तापलेल्या मशीननं दाबत न्यायचं. मशीन फिरली की पांढरा धूर उठतो आणि डोळ्यांची आग आग होते. औषध आणून देणारा गोंदियाचा माणूस बजावून गेला होता, "मॅडम, खिड़की खुली रखना." त्याला बायकांच्या केसांतलं काय कळतं, म्हणून शामकला हसली आणि खिडकीच्या फटींतही तिनं कापूस कोंबला.

हे तिनं आईकडून घेतलं होतं. निर्मलाबाई म्हणजे चिचगडची नावाजलेली सुईण. बाळंतिणीला न्हाऊ घातलं की ती दारं-खिडक्या लावून ओव्याची धुरी द्यायची, केस त्या धुरावर सुकवायची. "धूर बाहेर गेला का गुणबी गेला," हे तिचं ठरलेलं बोलणं. म्हातारीचं शहाणपण ओव्यापुरतं होतं, पण शामकलानं ते सरसकट केराटिनला लावलं, आणि गिऱ्हाइकांनाही पढवलं. जिच्या डोळ्यांतून जास्त पाणी येईल तिचं काम पक्कं, असं आता पोरीच एकमेकींना सांगतात.

यंदा मोहफुलं पडायला लागली तेव्हा शामकला माहेरी गेली. आईच्या अंगणात मोह वाळत होता. त्या दिवसांत सगळं गाव त्या वासानं जड झालेलं असतं. ती टोपलीवर वाकली, पण काहीच वास आला नाही. मूठभर फुलं नाकाशी धरून कुस्करली. हाताला चिकट लागलं, तेवढंच. सर्दी झाली असेल, असं तिनं मनाला सांगून पाहिलं. सर्दी नव्हती, हे तिला ठाऊक होतं.

परतीच्या बसमध्ये तिला परवाची भाजी आठवली. तळाला लागून कोळसा झाली, तरी तिला कळलं नव्हतं. आणि तिची लेक मंजू तर गॅसजवळच बसली होती. पोरगी मोबाइलमध्ये गुंग असेल म्हणून तेव्हा शामकला तिच्यावर ओरडली होती. आता मात्र तिला वेगळीच शंका आली. आपलं वय झालं, नाक गेलं तर गेलं. पण मंजू बारावी झाल्यापासून पार्लरच्या त्याच धुराच्या खोलीत उभी होती.

ती थेट पार्लरमध्ये गेली. खोली धुरानं भरलेली होती, खुर्चीत लग्न ठरलेली भूमिका नावाची पोरगी डोळे पुसत बसली होती आणि मंजू तिच्या केसांवर मशीन फिरवत होती. शामकलानं पदराची गाठ सैल केली आणि माहेराहून आणलेली मोहफुलं पदरातच झाकून मंजूच्या नाकाशी धरली.

"डोळे मिट. सांग, काय आहे हे?"

मंजूनं मोठा श्वास घेतला, पुन्हा घेतला.

"काऊन व माय, रिकामा पदर हुंगवून राहिली मले?"

 शामकलानं फटींतला कापूस उपसला आणि खिडकी सताड उघडली.

"काकू, लावा ना ते खिडकी," भूमिका कुरकुरली. "धूर गेला का गुण जाते, तुम्हीच तं सांगता."

"माय थकून आली व," मंजू म्हणाली. तिनं मशीन बाजूला ठेवली, जाऊन खिडकी लावली. शामकलानं तिचं मनगट धरलं. मंजूनं हळूच हात सोडवून घेतला आणि खाली पडलेला कापूस गोळा करून ती पुन्हा फटींत कोंबायला लागली.